पोलाद की पाणी? कोयता, विळी आणि सुरीच्या पात्यांबद्दल

हिरण्यकेशी_काठ
नमस्कार मंडळी. संकेश्वरजवळ आमचा थोडा ऊस आहे. यंदा टोळी वेळेवर मिळेना, म्हणून कडेच्या सऱ्या घरच्यांनीच तोडायला घेतल्या. त्यासाठी आठवडी बाजारातून दोन कोयते आणले. एकाच माणसाकडून, एकाच भावात, आकारही तोच. त्यातला एक बुडख्याशी दगडाला लागला की धारेचा तुकडाच उडतो, दाते पडतात. दुसऱ्याचं काही तुटत नाही, पण दुपारपर्यंत धार एका बाजूला लोळते. विकणारा म्हणतो दोन्ही कमानपाट्याचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीचे.

आता खरा प्रश्न. स्वयंपाकघरासाठी एक चांगली सुरी करून घ्यायची आहे. चुलतभाऊ बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूमला (साचे बनवतात तिथे) आहे, तो म्हणतो डी २, म्हणजे साच्यांचं पोलाद, सोडून दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. आमच्या गावातले लोहारमामा म्हणतात, "पोलाद कुठलंबी आण, पाणी मी देतो." पातं टिकतं ते पोलादामुळे की पाण्यामुळे, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्यामुळे?

कुंदा_प्रेमी
शीर्षकात पाणी दिसलं म्हणून म्हादईचा धागा समजून आत आलो. चालू द्या.

टिळकवाडीचा_टिल्ल्या
हाच धागा पुण्यातून कुणी काढला असता तर आतापर्यंत पोलीस प्रतिसाद द्यायला आले असते.

उद्यमबागेतला
आधी कोयत्यांचं बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

लोखंडात कार्बन किती, यावर ते कडक होऊ शकतं की नाही हे ठरतं. साध्या पट्टीत किंवा सळीत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ती कितीही तापवा आणि कशातही बुडवा, पातं करण्याइतकी कडक होत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात साधारण ०.५ ते ०.६५ टक्के. बेअरिंगच्या ईएन ३१ मध्ये १ टक्का, वर दीड टक्का क्रोमियम. कानशीत १.२ च्या घरात.

पण कार्बन नुसता असून भागत नाही. पोलाद ८०० अंशांच्या वर नेलं की आतली रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. तिथून झटक्यात थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो अडकून बसतो. ही अडकलेली, ताणलेली रचना म्हणजे मार्टेन्साइट. भयंकर कडक आणि तेवढीच ठिसूळ. म्हणून लगेच दुसऱ्यांदा हलकं तापवून तिचा ताण उतरवायचा, त्याला टेम्परिंग म्हणतात. थोडा कडकपणा जातो, बदल्यात चिवटपणा येतो.

तुमच्या पहिल्या कोयत्याला पाणी दिलंय, पण नंतर उतरवलेलं नाही किंवा कमी उतरवलंय. नाहीतर भट्टीत तो जास्त तापलाय. दुसरा एकतर नीट तापलाच नाही किंवा मुळात पाट्याचाच नाही. दोन्हींच्या धारेवर नवी कानस ओढून बघा. घसरली तर कडक आहे, खाऊ लागली तर मऊ.

हिरण्यकेशी_काठ
ओढली. पहिल्यावर काचेवरून गेल्यासारखी घसरते. दुसऱ्याचा चक्क कीस पडतो.

उद्यमबागेतला
मग बरोबर. पहिला वाचवता येईल. दुसऱ्याचा नेम नाही.

भात्यापाशी
आमचं घरच लोहाराचं, चिकोडीकडचं. मी आता नोकरीला आहे पण भाता मारत मोठा झालोय, म्हणून लिहितो. वरचे साहेब बोलले ते खरं, फक्त आमचे बाबा दुसऱ्यांदा तापवत नाहीत. एकाच तापात दोन्ही कामं करतात.

कोयता लाल केला की अख्खा बुडवायचा नाही. नुसती धार, दोन बोटं रुंदीची, तेलात धरायची. पाठ तशीच लाल असते. बाहेर काढला की फुटक्या सहाणेच्या तुकड्यानं धारेजवळची काळी खपली झटकन घासून चकचकीत करायची आणि नजर तिथंच ठेवायची. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडं उतरते, आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग पळत येतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागं निळा. जांभळा धारेला पोचला की परत बुडवायचा. तेवढ्यात कुणी हाक मारली तरी बाबा वर बघत नाहीत, कारण जांभळ्याचा निळा व्हायला वेळ लागत नाही.

खुरपं असलं तर तपकिरीवर थांबवतात. कोयत्याला जांभळं. पहारीला निळं.

धातूवेडा
वाचायला छान वाटतं, पण हे अंदाजपंचे काम आहे. एका कोयत्याला टोकाशी जांभळं आणि मुठीशी पिवळं, असं होणारच. तापमान मोजायला काही नाही, भट्टीत हवा कुठे जास्त कुठे कमी. त्यामुळेच बाजारात एकाच ढिगातले दोन कोयते दोन तऱ्हेचे निघतात. मीटर लावलेल्या भट्टीत हे होत नाही.

भात्यापाशी
बाजारातले ढिगाने येतात ते कोण बनवतं, कसं बनवतं, मला माहीत नाही साहेब. माणूस घाईत असला की मीटरच्या भट्टीतसुद्धा माल बिघडतो.

उद्यमबागेतला
दोघंही भांडू नका. धातूवेडा, रंग म्हणजे थर्मामीटरच आहे. पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी तापमानाप्रमाणे बदलते आणि तसा रंग दिसतो. फिकट पिवळा २०५ ते २२०, तपकिरी २५० च्या पुढे, जांभळा २७५-२८०, निळा २९० ते ३००. वेळेचाही थोडा परिणाम होतो, म्हणून भट्टीइतका तंतोतंत नाही. पण कोयत्याला या पद्धतीचा एक फायदा आहे जो आमच्या भट्टीत फुकट मिळत नाही. धार कडक होते आणि पाठ मऊच राहते. कोयता आपटायचं हत्यार आहे. अख्खं पातं सारखं कडक केलं तर एक दिवस मधून तुटून कुणाच्या तरी पायावर पडेल.

निप्पाणीकर
आमच्याकडे पूर्वी लोहार कातरवेळेलाच पाणी द्यायचा. आजी म्हणायची, उजेडात दिलं तर पाणी टिकत नाही, दृष्ट लागते. अंधश्रद्धा, दुसरं काय.

भात्यापाशी
आजीचं कारण चुकीचं, वेळ बरोबर. भर उन्हात तापल्याचा रंग कळतच नाही. लाल झालेलं काळं दिसतं, म्हणून माणूस अजून तापवतो आणि माल जळतो. आमच्यात अजूनही सावलीला, भट्टीपुढं गोणपाट बांधून पाणी देतात.

उद्यमबागेतला
हो, आणि ज्याची नजर बसलेली नाही त्यानं चुंबक वापरावा. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटायचा थांबतो. तिथून थोडंसं वर, आणि मग बुडवा. त्याच्या पुष्कळ वर गेलात तर दाणा, म्हणजे पोलादातले बारीक स्फटिक, मोठा होतो. ऐकायला साधं वाटतं, पण बहुतेक पाती इथेच वाया जातात. पहिल्या कोयत्याचा उडालेला तुकडा सापडला तर तुटलेली बाजू बघा. राखाडी आणि मखमली दिसली तर दाणा बारीक आहे. साखरेसारखी चमकत असेल तर जास्त तापलाय. अशा वेळी नुसतं टेम्परिंग करून उपयोग नाही. आधी लाल करून हवेत निवू द्यायचा, असं दोन-तीनदा, दरवेळी जरा कमी ताप. दाणा परत बारीक होतो. मग पाणी द्यायचं.

हिरण्यकेशी_काठ
तुकडा उसाच्या पाल्यात गेला. उद्या तो शोधणार नाही, क्षमस्व.

खानापूरची_काकू
सगळे कोयत्याच्या मागे. स्वयंपाकघरात कोण उभं राहतं ते सांगा आधी.

माझी विळी सासूबाईंची आहे. पातं साध्या लोखंडाचं, काळं. आठवड्यातून एकदा तरी निसण्यावर ओढावं लागतं, पण दोन हात मारले की लगेच लागते. मुलानं मागवलेली स्टेनलेसची सुरी पहिले काही महिने सुरेख चालली, आणि आता ती माझ्या निसण्याला दाद देत नाही. टोमॅटोची साल दाबली जाते, कापली जात नाही. मग जास्त कडक चांगलं की माझं मऊ चांगलं?

वांगं आणि कच्चं केळं मात्र माझ्या विळीवर काळं पडतं, ते कबूल. फणस कापायचा तर आधी पात्याला आणि हाताला खोबरेल. चीक लागला की मग कुठलंही पोलाद असो, चिकटतंच.

धातूवेडा
काकू, केळ्या-वांग्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडते म्हणून काळं. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं, त्याचा अदृश्य थर मध्ये येतो म्हणून ती गाठ पडत नाही. पण स्वस्त स्टेनलेस सुऱ्यांत कार्बन कमी असतो, म्हणजे त्या मऊही आणि घासायला चिवटही. धार लावताना कडेला बारीक तार उठते आणि ती तुटतच नाही. तुम्हाला वाटतं धार लागली, ती तार दुसऱ्याच भाजीला वळते. पात्यावर १.४११६ असा नंबर किंवा एक्स ५०, ५सीआर१५ असं काही लिहिलेलं असेल तर अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोम. ते ठीक असतं. नुसतं "स्टेनलेस स्टील" लिहिलं असेल तर त्यावरून काही कळत नाही.

खानापूरची_काकू
नुसतं स्टेनलेस स्टीलच लिहिलंय. आणि एका गरुडाचं चित्र.

टिळकवाडीचा_टिल्ल्या
गरुड असेल तर उडणारच की काकू, धार.

कॅम्पातला_आचारी
हॉटेलात सतरा वर्षं सुरी धरलेला माणूस बोलतोय. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर असं, की कोण किती वेळा धार लावणार त्यावर कडकपणा निवडायचा. आमच्या किचनमध्ये पोरं सुरी नळाखाली आपटतात, स्टीलच्या टेबलावर कापतात. तिथे ५५-५६ रॉकवेलची जर्मन पद्धतीची सुरी बरी. रोज सळईवर दोन हात, काम चालू. एका गिऱ्हाईकानं जपानी सुरी भेट दिली, ६० च्या वरची, पातळ. कांदा कापताना आवाजच येत नाही. एका पोरानं त्या सुरीनं नारळाची करवंटी फोडायला घेतली. पात्याला अर्धचंद्र पडला, बोटाच्या नखाएवढा. पोलाद वाईट नव्हतं. काम तिचं नव्हतं.

उद्यमबागेतला
रॉकवेल म्हणजे काय, हे कुणी विचारायच्या आत सांगतो. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या दाबानं पोलादात रुतवतात आणि किती खोल गेला त्यावरून कडकपणाचा आकडा काढतात. कोयत्याला ५० ते ५४, घरच्या सुरीला ५६ ते ६०, त्या पुढे गेलात की वापरणारा माणूस जपून वागणारा हवा.

मास्तर_अथणी
आपल्या कर्नाटकाच्या मातीतच जगातलं सर्वोत्तम पोलाद होत होतं, त्यावर कुणीच बोलत नाही. उक्कू पोलाद! दमास्कसच्या तलवारी आपल्याच मालाच्या. आता तेच दमास्कसचे चाकू ऑनलाइन मिळतात, तेच घ्यावेत.

धातूवेडा
मास्तर, पहिलं वाक्य मान्य, शेवटचं नाही. दक्षिण भारतात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालून वितळवायचे आणि हळू थंड करायचे. कार्बन १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान जायचा. नुसत्या कार्बनमुळे नव्हे, तर व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अंश असल्यामुळे कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या कडक कणांच्या) ओळी बसायच्या आणि कमी तापावर ठोकलं की लाटा दिसायच्या. १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडेसुद्धा लंडनमध्ये या पोलादाचं कोडं सोडवत बसला होता.

आज विकतात ते दोन वेगळ्या पोलादांचे थर जोडून, वळवून, आम्लात बुडवून काढलेली नक्षी. चांगल्या माणसानं केलं असेल तर चांगलंच. पण काही स्वस्त चाकूंवर ती नक्षी चक्क लेसरनं छापलेली असते. घासली की जाते.

मास्तर_अथणी
हौद्री, लेसरचं माहीत नव्हतं. पण भद्रावतीचं विसरू नका. १९२३ पासून विश्वेश्वरय्यांच्या कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर लोखंड निघत होतं. आपल्या राज्याचा...

निप्पाणीकर
कुठल्या राज्याचा म्हणालात मास्तर?

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो बंद आहे. पात्यांवर बोला.

कुंदा_प्रेमी
संपादकांनी बरोबर वेळी पाणी दिलं.

सांबऱ्याचा_सुतार
एक गोष्ट राहिली. गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो त्याच्यापर्यंत ठीक, कारण पाय थकतो. मोटरच्या ग्राइंडरवर सुरी देणाऱ्यांनो, ठिणग्यांनी खूश होऊ नका. माझ्या चांगल्या पटाशीचं टोक एका दुकानात ग्राइंडरवर निळं करून दिलं. ते दिसताच मी ओरडलो तर दुकानदार म्हणतो, निळा रंग कडकपणाचा असतो! त्यानंतर ती पटाशी सागवानावर दोन फटक्यांत बोथट. पाणी उतरलं होतं.

भात्यापाशी
निळं झालं तेवढं घासून टाकायचं, खालचं पाणी शाबूत असतं. धार निळी झाली म्हणजे ती ३०० च्या घरात जाऊन आली. ग्राइंडर मारायचाच तर शेजारी पाण्याचं डबडं, आणि पातं बोटाला चटका देण्याआधी बुडवायचं. शेवटायला, म्हणजे ठोकून परत धार काढायला, आणलेल्या हत्यारांत निम्मी असली निळी असतात.

हिरण्यकेशी_काठ
खूप शिकायला मिळालं. पण माझी सुरी अजून हवेतच आहे. डी २ घेऊ की लोहारमामांना पाटा देऊ?

उद्यमबागेतला
डी २ लोहारमामांना देऊ नका, एवढं नक्की. त्यात दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोम. त्याला हजार अंशांच्या वर, १०१० ते १०३० पर्यंत न्यावं लागतं आणि तिथे थांबवावं लागतं. कोळशाच्या भट्टीत ८०० ला लाल झालं म्हणून मामा बुडवतील आणि माल नीट कडक होणार नाही. वास्तविक डी २ ला पाणी-तेल लागतच नाही, हवेत निवलं तरी कडक होतं. दोष मामांचा नसेल, पण नाव त्यांचं खराब होईल.

आणि चुलतभावाला विचारा, १२ टक्के क्रोम म्हणजे गंजणार नाही असं त्याला वाटतं का? त्यातलं बरंच क्रोम कार्बाइडमध्ये अडकून बसतं. लिंबू कापून तशीच ठेवलीत तर डी २ वरही डाग येतात. धार खूप टिकते, पण निसण्यावर लागतही नाही पटकन. काकूंसारखं दोन हात मारून चालायचं नाही.

चुलतभाऊ_टूलरूम
मला कुणीतरी या धाग्याची लिंक पाठवली. डी २ आमच्याकडे डायचे (साच्यांचे) तुकडे उरतात म्हणून सुचवलं होतं, फुकट मिळेल म्हणून. एवढं भाषण ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

टिळकवाडीचा_टिल्ल्या
फुकट हा सगळ्यात कडक मिश्रधातू.

उद्यमबागेतला
भाऊ, राग मानू नका. तुकडे असतील तर तुमच्याच डायच्या खेपेबरोबर हीट ट्रीटमेंटला (भट्टीत कडक करायला) सुरी घालता येईल. एका सुरीसाठी व्हॅक्यूम भट्टी कुणी पेटवत नाही, किमान वजनाचा दर लावतात. तुमच्या डायचं टेम्परिंग ज्या तापमानाला असेल त्यालाच सुरी जाईल, एवढं बघा. डायसाठी ६० च्या आसपास ठेवत असतील तर सुरीलाही चालेल.

भात्यापाशी
माझं मत वेगळं. घरात काकूंसारखं निसण्यावर ओढणारं कुणी असेल तर मामांकडून पाट्याची करा. फक्त भंगारातला जुना पाटा नको. वर्षानुवर्षं वाकून त्यात न दिसणाऱ्या भेगा असतात, पाणी दिलं की उघडतात. तोच हाताशी असेल तर रॉकेल लावून पुसा, वर खडूची पूड टाका. भेग असली तर रॉकेल बाहेर येऊन रेघ दिसते. न वापरलेली पाट्याची पट्टी पूना-बेंगळूर रस्त्यावरच्या स्प्रिंगवाल्यांकडं विचारली तर मिळते.

आणि पाणी पाण्यात नको. तेलात. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर छातीत बसतो. साधं शेंगतेल, हाताला कोमट लागेल त्याहून जरा जास्त तापवून. थंड तेल घट्ट असतं, पात्याला बिलगत नाही.

कॅम्पातला_आचारी
आणि जाडी! पोलाद आणि पाणी सगळं झालं, जाडीवर एक अक्षर नाही. लोहाराची सुरी म्हणजे छोटा कोयताच असतो, गाजर कापायला गेलं की फाटतं. धारेच्या जरा वर पाव मिलिमीटर जाडी असली पाहिजे. तेवढी पातळ केली तर साधा पाटाही झकास कापतो. जाड ठेवलीत तर जपानहून पोलाद आणा, गाजर फाटणारच.

भात्यापाशी
शंभर टक्के. पण पाणी द्यायच्या आधी तेवढी पातळ करायची नाही, नाहीतर वाकडी होते आणि कडेचा कार्बन भट्टीतच जळून जातो. एक मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, पाणी द्यायचं, मग सहाणेवर पाणी शिंपत उतरवायची. दोन संध्याकाळी जातात. मामांना त्याचे पैसे द्या, ठोकण्याचे देता त्याहून जास्त. ते मागणार नाहीत.

खानापूरची_काकू
झाली की एक माझ्यासाठीही सांगा. वांगं काळं पडलं तर पडलं, कापून पाण्यात टाकते मी.

हिरण्यकेशी_काठ
ठरलं. मामांकडे पाट्याची, नव्या पट्टीतून, शेंगतेलात. टेम्परिंग रंगावर न ठेवता घरच्या ओटीजीत २०० ला दोन तास, दोनदा, असं मामांशी बोलणं झालं. त्यांना गंमत वाटली, "केक करणार काय गा?" म्हणाले. पण तयार आहेत. भाऊ डी २ ची एक वेगळी करतो म्हणतोय. दोन्ही एकाच घरात वापरून बघू. पहिला कोयता मामांनी परत घेतला, दोनदा हवेत निववून पाणी देणार आहेत. दुसऱ्यावर त्यांनी कानस मारली आणि माळ्यावर ठेवायला सांगितलं.

चुलतभाऊ_टूलरूम
डी २ वाल्या सुरीवर मुठीकडे पंचानं खूण करून देतो. डायच्या ढिगात सुरी हरवली तर परत मिळत नाही.

उद्यमबागेतला
आणि मुठीच्या रिव्हेटची भोकं हीट ट्रीटमेंटच्या आधी पाडा. दोन्ही सुऱ्यांची.

सांबऱ्याचा_सुतार
नंतर पाडायची झाली तर ड्रिलची बिटं कोण देणार तेही आत्ताच ठरवून घ्या. माझ्याकडे येऊ नका.